स्मृती टी पेशी आणि दुसऱ्यांदा होणारा संसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते: शरीराला आजार 'लक्षात' राहिला असेल, तर तो परत होताच कामा नये. टी पेशींच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे. का, ते प्रश्न ६ मध्ये आहे. घाई असेल तर तोच आधी वाचा. सैन्य आणि किल्ल्याच्या उपमा मुद्दाम टाळल्या आहेत. सुरुवातीला त्यांची मदत होते, पण पुढे त्याच घोटाळा करतात.

१. टी पेशी म्हणजे काय? स्मृती टी पेशी ही वेगळी पेशी असते का?

टी पेशी हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्या जन्मतात अस्थिमज्जेत, पण घडतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. नावातला 'टी' तिथूनच आला. या ग्रंथीचं काम काय, हे १९६१ मध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून दाखवलं. तोवर ती जवळपास निरुपयोगी मानली जात होती.

प्रत्येक टी पेशीवर एकाच घडणीचे रिसेप्टर (ओळख पटवणारी प्रथिनं) असतात आणि ते प्रथिनाचा एखादा ठरावीक तुकडाच ओळखतात. यातल्या सीडी८ पेशी संसर्ग झालेल्या पेशीला मारतात, तर सीडी४ पेशी रसायनं सोडून इतर पेशींना कामाला लावतात. स्मृती पेशी ही काही वेगळी जात नव्हे. जिची जंतूशी एकदा गाठ पडली, जिची संख्या वाढली आणि संसर्ग संपल्यावरही जी मागे उरली, ती स्मृती पेशी. जिची कशाशीच गाठ पडलेली नाही तिला इथे 'कोरी' पेशी म्हटलं आहे.

२. अँटीबॉडी असताना टी पेशींची गरज काय?

अँटीबॉडी पेशीच्या बाहेर काम करतात. विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की तो त्यांच्या हाताला लागत नाही. मात्र प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडत असते आणि टी पेशी ते तपासतात. ही तपासणी स्वतःच्या शरीराच्या 'साच्यात' (तुकडा धरून ठेवणाऱ्या प्रथिनात) बसवलेल्या तुकड्यांचीच होते, हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

टी पेशी का लागतात, याचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र प्रयोगशाळेतला नाही. काही मुलांना जन्मतःच अँटीबॉडी बनवता येत नाहीत. अशी मुलं गोवरातून बहुधा इतरांसारखीच बरी होतात, अंगावर पुरळही नेहमीसारखं उठतं. ज्यांच्या टी पेशी नीट नसतात त्यांना पुरळ उठत नाही, आणि त्यांचीच अवस्था गंभीर होते. गोवराचं पुरळ म्हणजे विषाणूने केलेली जखम नव्हे; ती कामाला लागलेल्या टी पेशींची खूण आहे.

शिवाय बहुतेक प्रथिनांविरुद्ध चांगल्या, टिकाऊ अँटीबॉडी बनायच्या तर त्या बनवणाऱ्या बी पेशींना सीडी४ पेशींची मदत लागतेच. त्यामुळे 'अँटीबॉडी की टी पेशी' हा वाद फारसा अर्थाचा नाही.

३. पहिल्या संसर्गात या पेशी तयार कशा होतात?

एखादा ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या कोऱ्या पेशी फार विरळ असतात: साधारण १ लाख ते १० लाख टी पेशींमागे एक. जंतूचे तुकडे घेऊन एक पेशी जवळच्या लसीकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) पोहोचते आणि तिथे योग्य टी पेशीशी गाठ पडण्याची वाट पाहावी लागते. गाठ पडली की विभाजन सुरू होतं. एका पेशीच्या हजारो, कधी दहा हजारांहूनही जास्त पेशी होतात. या सगळ्याला साधारण आठवडा ते पंधरवडा लागतो, आणि पहिल्या संसर्गात माणूस आजारी पडतो तो बहुतांशी याच दिवसांत.

जंतू संपला की यातल्या ९० ते ९५ टक्के पेशी मरून जातात. हा अपव्यय वाटतो, पण एवढ्या मारक पेशी अंगात खेळत ठेवणं परवडणारं नसतं. उरलेल्या ५ ते १० टक्के म्हणजेच स्मृती.

४. स्मृती पेशी शरीरात राहतात कुठे? रक्तात का?

रक्तात सापडतात म्हणून रक्ताचं नाव घेतलं जातं, इतकंच. शरीरातल्या लिम्फोसाइट (टी, बी वगैरे) पेशींपैकी रक्तात एका वेळी साधारण २ टक्केच असतात. बाकीच्या कुठे असतात यावरून तीन ढोबळ गट पडतात.

केंद्रीय स्मृती पेशी लसीकाग्रंथींमधून फिरतात. त्यांच्या अंगावर सीसीआर७ नावाचं प्रथिन असतं आणि तोच त्यांचा ग्रंथीत शिरायचा परवाना. कार्यकारी स्मृती पेशींवर ते नसतं. त्या रक्त, प्लीहा आणि इतर अवयवांत वावरतात. ही विभागणी १९९९ मध्ये पुढे आली. तिसरा गट त्यानंतर दहाएक वर्षांत नीट उलगडला: निवासी स्मृती पेशी. त्वचा, आतडं, फुफ्फुस, जननमार्ग इथे त्या ठाण मांडून बसतात आणि रक्तात परत येत नाहीत. किती पक्कं ठाण? फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर काही रुग्णांच्या नव्या फुफ्फुसात दात्याच्या टी पेशी वर्षभरानंतरही सापडल्या आहेत. माणूस बदलला, पेशींनी जागा सोडली नाही.

५. तोच जंतू पुन्हा आला की नेमकं काय घडतं? क्रमाने सांगाल का?

समजा, जंतू त्याच वाटेने आला, म्हणजे श्वासावाटे किंवा त्वचेतून. पहिली ओळख पटते ती तिथल्या निवासी पेशींना. त्या जंतूच्या बारशाला जेवलेल्या असतात, त्यामुळे त्यांना लसीकाग्रंथीकडून निरोप येण्याची गरज नसते. संसर्ग झालेली पेशी समोर आली की काही तासांतच त्या इंटरफेरॉन गॅमा सोडू लागतात. या रसायनाने तीन गोष्टी साधतात: आजूबाजूच्या निरोगी पेशी विषाणूविरोधी तयारीला लागतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होऊन रक्तातल्या पेशी तिथे उतरतात, आणि इतर पांढऱ्या पेशी जाग्या होतात. मूठभर निवासी पेशी सगळ्यांना मारू शकत नाहीत. त्यांचं मोठं काम हाकाटी करण्याचं आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असंही दिसलं, की एका जंतूच्या निवासी पेशी जाग्या झाल्या की तिथे आलेल्या भलत्याच विषाणूलाही आळा बसतो.

त्यानंतर रक्तातल्या कार्यकारी पेशी येऊन पोहोचतात. त्यांच्यापाशी मारण्याची सामग्री बऱ्याच अंशी तयार असते. परफोरिन हे प्रथिन संसर्ग झालेल्या पेशीच्या पडद्यात भोकं पाडतं, त्यातून ग्रॅन्झाइम हे दुसरं प्रथिन आत जातं आणि ती पेशी स्वतःलाच संपवण्याच्या मार्गाला लागते. एक मारक पेशी एकामागून एक अशा अनेक पेशी निकालात काढते.

तिसरा टप्पा लसीकाग्रंथींतला. केंद्रीय स्मृती पेशी तिथे विभाजन सुरू करतात. पहिल्या वेळी जिथे आठवडा-पंधरवडा लागला होता, तिथे आता तीन ते पाच दिवसांत मोठी फौज उभी राहते (ही एक उपमा राहूनच गेली). कारण साधं आहे: सुरुवातीची संख्या मोठी, शोधाशोध कमी, आणि प्रत्येक पेशीला जागं व्हायला लागणारा इशाराही कमी. याच वेळी सीडी४ स्मृती पेशी बी पेशींना हाताशी धरतात आणि नव्या, जास्त घट्ट चिकटणाऱ्या अँटीबॉडी बनू लागतात.

जंतू पहिल्याच टप्प्यात आटोक्यात आला, तर तुम्हाला कळतही नाही. असे किती संसर्ग येऊन गेले, याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

६. मला तोच आजार परत झाला. म्हणजे माझ्यात स्मृती तयारच झाली नाही का?

बहुधा झालेली असते. टी पेशी संसर्ग झालेली पेशीच ओळखतात. म्हणजे संसर्ग थोडा तरी झाल्याशिवाय त्यांचं काम सुरूच होत नाही. त्या संसर्ग अडवत नाहीत, तो लवकर आवरतात. दारातच अडवणं हे अँटीबॉडींचं काम.

मग आजार जाणवणार की नाही, हे बरंचसं वेळेवर ठरतं. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात, हिपॅटायटिस बी ला तर दोन ते पाच महिने. एवढ्या अवधीत स्मृती पेशी संख्या वाढवून काम उरकतात. उलट फ्लूची लक्षणं एक ते चार दिवसांत दिसतात. स्मृती पेशी इथेही आपलं काम चोख करतात, पण त्यांचा जोर वाढेपर्यंत तुमचं नाक वाहू लागलेलं असतं. फरक दिसतो तो पुढे: ताप लवकर उतरतो, संसर्ग फुफ्फुसात खोलवर जात नाही.

दुसरं कारण जागेचं. उंदरांच्या फुफ्फुसातल्या निवासी पेशी काही महिन्यांतच ओसरतात, त्वचेतल्या मात्र दीर्घकाळ टिकतात. माणसातही सगळ्या अवयवांची स्मृती एकसारखी टिकत नाही. आणि तिसरं कारण, जंतूच बदललेला असणं. ते प्रश्न १० मध्ये.

७. पेशीला मेंदू नाही. मग ती लक्षात कशी ठेवते?

दोन प्रकारे. एक, संख्येने: लाखांत एक असलेली पेशी आता हजारांत एक झाली, हीसुद्धा स्मृतीच. दोन, डीएनएच्या मांडणीने. जनुकं तीच राहतात, पण इंटरफेरॉन गॅमासारख्या कामाच्या जनुकांभोवतीची गुंडाळी सैल राहते. कोऱ्या पेशीला ती आधी उलगडावी लागते; स्मृती पेशी पुस्तकात खूण घालून ठेवावी तशी थेट त्या पानावर जाते.

८. ही स्मृती किती वर्षं टिकते?

आजारागणिक वेगळं. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० जण आजारी पडले. डॅनिश डॉक्टर पीटर लुडविग पानुम यांच्या लक्षात आलं, की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, ते म्हातारे यातून सुटले होते. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर नव्हता, म्हणजे मध्येच पुन्हा संपर्क येऊन उजळणी झाली असंही नाही. अर्थात त्या म्हाताऱ्यांना वाचवण्यात अँटीबॉडींचा वाटा किती आणि टी पेशींचा किती, हे आता वेगळं काढता येत नाही.

टी पेशींची स्वतंत्र मोजणी देवीच्या लसीबाबत झाली आहे. त्या पेशी साधारण ८ ते १५ वर्षांत निम्म्या होतात, तरी लस घेतल्यावर काही दशकांनीही सापडतात. २००३ च्या सार्स साथीतून बरे झालेल्यांमध्ये १७ वर्षांनी त्या विषाणूच्या स्मृती टी पेशी सापडल्या. त्याच लोकांच्या अँटीबॉडी मात्र बऱ्याच आधी ओसरू लागल्या होत्या.

एकच पेशी इतकी वर्षं जगते असं नाही. आयएल-७ आणि आयएल-१५ या रसायनांच्या आधाराने स्मृती पेशी अधूनमधून विभागत राहतात. पीतज्वराच्या लसीनंतरच्या मारक स्मृती पेशींचा माग काढला तेव्हा दिसलं, की पहिल्या पंधरवड्यात त्या झपाट्याने वाढतात आणि नंतर वर्षाला एकदाही विभागत नाहीत.

९. अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली. स्मृतीही गेली का? टी पेशींची टेस्ट असते का?

गेली असं नाही. हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण घेतलेल्या निरोगी लोकांत अँटीबॉडी काही वर्षांनी मोजता न येण्याइतक्या घटतात, तरी संरक्षण बहुधा कायम राहतं, कारण त्या आजारात स्मृतीला जागं व्हायला भरपूर वेळ मिळतो (प्रश्न ६). पण हा नियम सगळीकडे लावू नका. धनुर्वाताचं विष मज्जातंतूत शिरल्यावर स्मृती जागी होऊन उपयोग नाही. तिथे अँटीबॉडी आधीच तयार असाव्या लागतात, म्हणून तर बूस्टर.

टी पेशींची टेस्ट आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांनी ती नकळत करून घेतली असेल: क्षयरोगासाठीची मॅन्टू टेस्ट. त्वचेत ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जंतूपासून काढलेली प्रथिनं) टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी गाठीचा कडकपणा मोजतात, लाली नव्हे. ती गाठ म्हणजे तिथे जमलेल्या स्मृती टी पेशी आणि त्यांनी बोलावलेल्या इतर पेशी. दोन-तीन दिवस थांबावं लागतं ते त्या जमायला लागतात म्हणून. बीसीजी लसीनेही ही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. तो घोळ टाळण्यासाठी इग्रा ही रक्ताची टेस्ट करतात. तिच्यात बीसीजीत नसलेली प्रथिनं वापरून रक्तातल्या टी पेशी किती इंटरफेरॉन गॅमा सोडतात ते पाहतात. दोन्ही टेस्ट 'जंतूशी ओळख आहे' एवढंच सांगतात. आजार आहे का, हे त्यावरून ठरत नाही.

१०. फ्लूचा विषाणू रूप बदलतो. मग जुन्या स्मृतीचा उपयोग काय?

अँटीबॉडी विषाणूचा बाहेरचा पृष्ठभाग पाहतात, आणि बदलतो मुख्यतः तोच. टी पेशींना आतल्या प्रथिनांचे तुकडेही दिसतात, आणि ती फार बदलत नाहीत. बदलली तर विषाणूचंच काम बिघडतं. २००९ च्या साथीत नव्या फ्लूविरुद्ध बहुतेकांकडे अँटीबॉडी नव्हत्या. तरी ज्यांच्याकडे जुन्या फ्लूपासूनच्या, अशा न बदलणाऱ्या तुकड्यांना ओळखणाऱ्या सीडी८ पेशी जास्त होत्या, त्यांचा आजार सौम्य राहिल्याचं लंडनमधल्या एका अभ्यासात दिसलं.

११. आजाराने आलेली स्मृती चांगली की लसीने?

स्मृतीची किंमत काय मोजलीत, यावर उत्तर अवलंबून आहे. प्रत्यक्ष संसर्ग योग्य जागी निवासी पेशी बसवतो, दंडात टोचलेली लस हे काम तितकं करत नाही. नाकावाटे द्यायच्या लसींमागचा विचार हाच. पण त्यासाठी आजार अंगावर काढणं हा शहाणपणाचा सौदा नाही. प्रश्न १३ वाचल्यावर शंका उरणार नाही.

१२. वारंवार संसर्ग झाला तर स्मृती पक्की होत जाते का?

जंतू येऊन पूर्ण गेला आणि मध्ये विश्रांती मिळाली, तर होते. उंदरांच्या टी पेशी एका उंदरातून दुसऱ्यात नेत, सुमारे ५० वेळा पुन्हा पुन्हा उत्तेजित करत, त्या १० वर्षं कार्यरत ठेवल्याचा प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदीर स्वतः दोन-तीन वर्षं जगतो.

जंतू गेलाच नाही, तर गोष्ट उलटते. एचआयव्ही किंवा जुनाट हिपॅटायटिस सी मध्ये टी पेशींना उसंत मिळत नाही आणि त्या थकतात. त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक चढतो, आधी विभाजन मंदावतं, मग रसायनं सोडणं. हिपॅटायटिस सी औषधांनी पूर्ण बरा झाल्यावरही या पेशी पूर्वपदावर येत नाहीत, आणि तो पुन्हा होऊ शकतो. ट्यूमरमधल्या थकलेल्या पेशींचा हाच ब्रेक सोडवणारी औषधं आज कॅन्सरवर वापरली जातात. टी पेशींचे असे ब्रेक सोडवण्याच्या शोधांसाठी तासुकू होंजो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

तिसरीच तऱ्हा सायटोमेगॅलो विषाणूची. तो शरीरात दडून राहतो, अधूनमधून डोकं वर काढतो, आणि त्याच्या स्मृती पेशी थकण्याऐवजी फुगत जातात. त्याची लागण झालेल्या प्रौढांमध्ये रक्तातल्या स्मृती टी पेशींपैकी सरासरी दहाव्या भागाइतक्या या एकाच विषाणूच्या असतात.

१३. गोवर झाला की बाकीच्या आजारांची स्मृती पुसली जाते, हे खरं का?

खरं आहे, आणि लोकांना वाटतं त्याहून गंभीर आहे. गोवराचा विषाणू सीडी१५० या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, आणि ते स्मृती टी आणि बी पेशींवर भरपूर असतं. म्हणजे तो थेट स्मृतीच्याच पेशी गाठतो. लस न घेतलेल्या मुलांच्या २०१९ मधल्या एका अभ्यासात गोवरानंतर आधीच्या अँटीबॉडींचं वैविध्य ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. लसीतला दुबळा केलेला विषाणू असं करत नाही. गंमत अशी, की या सगळ्या पुसापुशीत गोवराची स्वतःची स्मृती मात्र जन्मभर टिकते.

१४. कांजिण्या एकदाच होतात म्हणतात. मग म्हातारपणी नागीण कुठून येते?

नागीण हा बाहेरून आलेला नवा संसर्ग नव्हे. कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींत जन्मभर दडलेला असतो आणि त्याला दाबून ठेवण्याचं काम मुख्यतः टी पेशींचं. पन्नाशीनंतर त्या पेशींचा जोर ओसरतो. अँटीबॉडी तोवरही रक्तात असतात, पण त्यांनी नागीण थांबत नाही. टी पेशी आणि अँटीबॉडी यांच्यातली कामाची वाटणी समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही. नागिणीची नवी प्रथिन-लस सीडी४ पेशींना जोरदार जागं करते, आणि पन्नाशीपुढच्या लोकांवरच्या मोठ्या चाचण्यांत तिची परिणामकारकता ९० टक्क्यांच्या वर आली.

१५. वय झालं की स्मृती जाते का?

जुनी बरीच टिकते. अडचण नव्या ओळखींची होते. थायमस लहानपणापासूनच आक्रसत जाते, त्यामुळे कोऱ्या पेशींचा साठा आणि वैविध्य घटतं.

१६. या पेशी वाढवणारं औषध, पूरक गोळ्या?

एखाद्या ठरावीक जंतूच्या स्मृती पेशी वाढवण्याची खात्रीची वाट म्हणजे त्या जंतूची लस. 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना जंतू कोणता हेच ठाऊक नसतं.

१७. कधीच न झालेल्या आजाराची स्मृती असू शकते का?

असू शकते. टी पेशी छोटे तुकडे ओळखतात आणि वेगवेगळ्या जंतूंचे तुकडे कधीकधी सारखे निघतात. २०२० मध्ये कोविडची लागण न झालेल्यांच्या रक्तातही त्या विषाणूला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी सापडल्या. निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण २० ते ५० टक्के होतं. सर्दीच्या जुन्या कोरोना विषाणूंशी झालेली गाठ हे त्यामागचं एक कारण. त्याआधी २०१३ मध्ये, एचआयव्हीशी कधीच संबंध न आलेल्या प्रौढांत त्याचे तुकडे ओळखणाऱ्या स्मृती-प्रकारच्या पेशी आढळल्या होत्या. नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात मात्र त्या कोऱ्याच होत्या. अशी उसनी ओळख संरक्षण देईलच, असं नाही.

१८. जुनी स्मृती नुकसान करू शकते का?

हो. १९६० च्या दशकात आरएसव्ही या श्वसनविषाणूची फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस बाळांना दिली गेली. पुढे खरा संसर्ग झाल्यावर लस घेतलेलीच बाळं जास्त आजारी पडली, दोघांचा मृत्यू झाला. अँटीबॉडी बनल्या होत्या पण विषाणूला रोखत नव्हत्या, आणि टी पेशींची स्मृती चुकीच्या वळणाची, फुफ्फुसात सूज वाढवणारी तयार झाली होती. डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी एक होऊन गेल्यावर वेगळ्या प्रकाराचा झालेला दुसरा संसर्ग जास्त धोक्याचा ठरू शकतो. तिथे मुख्य बोट अँटीबॉडींकडे दाखवलं जातं, आणि टी पेशींचा वाटा किती यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

जंतूशिवायही हे घडतं. काही जणांना एखादं औषध घेतलं की अंगावर एकाच ठिकाणी गोल, काळपट लाल चट्टा उठतो. औषध थांबवलं की तो ओसरतो, काळसर डाग राहतो. दोन वर्षांनी तेच औषध पुन्हा घेतलं, तर काही तासांत चट्टा उठतो तो बरोबर त्याच जागी. त्वचेच्या तेवढ्याच तुकड्यात सीडी८ निवासी स्मृती पेशी बसून राहिलेल्या असतात. डॉक्टरांकडे जाताना असा डाग असेल तर तो दाखवा आणि त्या आधी कोणती गोळी घेतली होती तेही सांगा.